वाचकांचे प्रश्न : ‘व्हॉलीबॉल’ हे नाव कसे पडले?

प्रश्न : व्हॉलीबॉलमधील ‘व्हॉली’ म्हणजे काय?

उत्तर : १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथे वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेचे व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांनी, बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या प्रौढ सभासदांसाठी साडेसहा फूट उंचीवर जाळे बांधून हा खेळ तयार केला, तेव्हा त्यांनी त्याला ‘मिंटोनेट’ असे काहीसे नाजूक नाव दिले होते. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्ड येथील प्रात्यक्षिकात, चेंडू जमिनीवर न टेकू देता वरच्यावर जाळ्यापलीकडे टोलवला जात असल्याचे पाहून आल्फ्रेड हॉलस्टेड यांनी नवे नाव सुचवले. टेनिसमध्ये टप्पा पडण्यापूर्वी मारलेल्या फटक्याला ‘व्हॉली’ म्हणतात. तो शब्द उड्डाण या अर्थाच्या फ्रेंच ‘व्होले’वरून आला आहे. अमेरिकेत १९५२ पर्यंत ‘व्हॉली बॉल’ असे दोन शब्द सुटेच लिहिले जात.