खांदा दुखतोय आणि उपचार मानेवर? आधी कुणाला तरी हात वळवून बघू द्या

ताई, तुमचं वाचलं आणि माझ्या २०१८ सालच्या रात्री आठवल्या. चार महिने तुमचा डावा खांदा दुखतोय, त्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग, ब्लाउजचे मागचे हूक लागत नाहीत, मानेच्या एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली, आणि म्हणून दिवसाआड ट्रॅक्शन, म्हणजे मानेला ताण देणं. तुमचा डावा, माझा उजवा, एवढाच काय तो फरक.

मी डॉक्टर नाही, साताऱ्याकडची प्राथमिक शिक्षिका आहे. लिहितेय ते स्वतःवर बेतलं म्हणून. निर्णय तुम्हाला तपासणाऱ्यानेच घ्यायचा. शेक, मलम, गोळ्या हे सगळं तुमचं करून झालं असणार, त्यात शिरत नाही.

माझं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं ते सांगते. सात महिने मी मानेचे उपचार घेतले आणि त्या सात महिन्यांत एकाही माणसाने माझा हात धरून फिरवून पाहिला नाही. मीही कधी तसा आग्रह धरला नाही. हॉस्पिटल मोठं होतं, नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी टेबलापलीकडून विचारलं, "मुंग्या येतात का?" मी म्हटलं, कधीकधी येतात. तेवढ्यावर एमआरआय लिहिला गेला, तोही मानेचा. सी-५, सी-६ या मानेच्या मणक्यांमध्ये बल्ज निघाला, "नस दबतेय" म्हणाले. मग पट्टा, ट्रॅक्शन, वेदनाशामक गोळ्या आणि तीन आठवड्यांनी परत या. दर खेपेला समोर वेगळा डॉक्टर. फाइल उघडायची, रिपोर्ट वाचायचा आणि मागचंच पुन्हा लिहून द्यायचं. मी सांगायचे, अहो, मान कशीही वळवली तरी काही होत नाही, हात उचलला की जीव जातो. उत्तर ठरलेलं: दुखणं मानेतूनच खाली उतरतं. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांच्याही एमआरआयमध्ये असे बल्ज सर्रास निघतात, हे मला फार उशिरा कळलं.

वर्गात मी तारीख फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचे. दिवाळीपर्यंत ती फळ्याच्या मध्यावर उतरली. जानेवारीत मी खडू चौथीतल्या एका उंच मुलीच्या हातात दिला.

शेवटी भाचीने हट्टाने पुण्याला नेलं, फक्त खांद्याचं काम करणाऱ्या सर्जनकडे. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि मला स्टुलावर बसवलं. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून हात समोर काटकोनात धरायला सांगितले, चहाचा ट्रे धरतो तसे. मग स्वतः माझी मनगटं धरून हात बाहेरच्या बाजूला वळवले. डावा सहज गेला. उजवा बोटभर सरकला आणि थांबला, आतून कडी लावल्यासारखा. मी हात सैल सोडला होता, जोर त्यांचा होता, तरी जाईना. "फ्रोझन शोल्डर," ते म्हणाले. पाच मिनिटंही लागली नसतील.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. सांध्याभोवतीची पिशवी सुजते, जाड होते, आकसते. त्यामुळे हात आपण उचलला तरी जात नाही आणि दुसऱ्याने उचलला तरी जात नाही. खांद्याचा स्नायूबंध फाटला असेल तर आपल्याला हात उचलवत नाही, पण दुसऱ्याने धरून नेला तर बहुधा जातो. मानेची नस असेल तर कळ बरेचदा कोपराच्या खाली बोटांपर्यंत उतरते आणि मान हलवली की वाढते. सगळ्यांचं असं चोख जुळतंच असं नाही, दोन दुखणी एकदम असू शकतात. पण हात फिरवून न बघता यातलं काहीच कळत नाही, आणि मानेच्या एमआरआयमध्ये खांदा दिसत नाही. माझ्या खांद्याचा साधा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. फ्रोझन शोल्डरमध्ये तो तसाच येतो. सांधा झिजलाय का, कॅल्शियम साचलंय का, हे वगळायला तो काढतात.

आणि मग त्यांनी विचारलं, "शुगर शेवटची कधी तपासली?" मला आठवेना. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, आलं ८.९. साडेसहापासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे इतके महिने रक्तात साखर वाढत होती आणि मी मानेला पट्टा बांधून शाळेत जात होते. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, थायरॉइडच्या रुग्णांतही दिसतं. एका हॉस्पिटलच्या एकाच फाइलवर सात महिन्यांत सहा सह्या, आणि एकालाही साखर बघावीशी वाटली नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ताई, साखर आणि थायरॉइड, या दोन तपासण्या रक्ताच्या आहेत, एमआरआयच्या मानाने खर्च अगदी थोडा. आधी करून घ्या.

सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायला मी घाबरत होते. ते सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात जास्त उपयोगी पडतं, आणि मी तो काळ ट्रॅक्शनमध्ये घालवला होता. तरी घेतलं, आणि रात्रीची झोप परत आली. इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, घरी मोजत राहा. व्यायामाचं माझं मत ठाम आहे: ठणका असताना कुणालाही हात ओढू देऊ नका, फिजिओलाही नाही आणि गावाकडच्या हाडवैद्याला तर मुळीच नाही. माझ्या जावेचा खांदा अशाच एका झटक्यानंतर महिनाभर सुजला होता. वाकून हात लंबकासारखा सोडायचा, बोटांनी भिंतीवर चढायचं, तेही सोसेल तितकंच. हे दुखणं एक ते तीन वर्षं घेतं. माझा हात पूर्ववत व्हायला दीड वर्ष लागलं, मागे पाठीवर तो अजून थोडा कमी जातो.

झोपताना हात उशीवर ठेवा, कोपर मागे पडू देऊ नका. आणि पुढून हूक असलेले ब्लाउज शिवून घ्या, लाजू नका.

तुमचा खांदा डावा आहे म्हणून एक सांगायलाच हवं. चालताना, जिना चढताना दुखणं वाढत असेल, छातीत दडपण किंवा घाम असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच ईसीजी. ताप, पडल्याचा मार, वजन उतरणं, यापैकी काही असेल तरी थांबू नका.

ट्रॅक्शनची पुढची खेप शुक्रवारी आहे म्हणालात. त्याआधी खांदा बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे जा, एमआरआयची सीडी सोबत न्या, नुसता कागद नको. त्यांनी हात न फिरवताच पेन उचललं तर तुम्हीच म्हणा, "डॉक्टर, आधी हात वळवून बघता का?"