तोंडात काळे डाग दिसले म्हणजे कॅन्सरच का?

तंबाखू सोडवायच्या ओपीडीत मी समुपदेशन करते आणि हा प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. मागे साताऱ्याकडच्या एक ताई आल्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या (ओळख पटेल असं काही लिहीत नाही). दातांच्या डॉक्टरांनी मशेरीचं व्यसन बघून पाठवलेलं. बसल्या तरी तोंडावरचा पदर काढेनात. भाच्याने मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवलं, की हिरड्या काळ्या म्हणजे कॅन्सर, तेव्हापासून जेवण जात नव्हतं, झोप नव्हती, आणि घरी सांगायची सोय नाही कारण लेकीचं लग्न ठरत होतं.

मी आधी मशेरीचा विषयच काढला नाही. घाबरलेल्या माणसाला सोड म्हटलं की तो फक्त मान हलवतो.

डॉक्टरांनी तपासलं तर हिरड्यांचा काळपटपणा दोन्ही बाजूंना सारखा, वर्षानुवर्षं तसाच. हा आपल्या कातडीचाच रंग असतो, आपल्याकडे कितीतरी जणांच्या हिरड्या लहानपणापासून अशा असतात, आणि तंबाखूने तो अजून गडद होतो. दाढेजवळ एक निळसर ठिपका होता, तो जुन्या चांदीच्या फिलिंगचा, त्यातला धातू हिरडीत उतरतो, त्याने काही होत नाही. ताईंची झोप उडवली होती ती या दोन गोष्टींनी.

आणि खालच्या ओठाच्या आत, जिथे त्या मशेरी दाबून ठेवायच्या, तिथे पांढरट खरबरीत चट्टा होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "ते व्हय, ते लई दिसांचं हाय, दुखत न्हाय कधी." मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय, की काळ्याला लोक घाबरतात आणि पांढरा किंवा लाल चट्टा दुखत नाही म्हणून सोडून देतात, पण तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात आधी बघायला हवा तो हाच चट्टा. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आला, पेशींत बिघाड नव्हता, पण तंबाखू बंद आणि ठरलेल्या वेळी तपासणी हे बजावून सांगितलं.

काळ्या डागांची बाकी कारणं पण असतात. बिडी-सिगारेटने पुढच्या हिरड्या काळवंडतात, सोडल्यावर हळूहळू कमी होतं. मलेरिया, संधिवाताच्या काही गोळ्यांनी टाळूवर करडी झाक येते. पण डागांबरोबर खूप थकवा, वजन उतरणं, चक्कर, बोटांचे सांधे काळे पडणं असेल तर फिजिशियनला दाखवा, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा (किडनीच्या वर असते ती) आजार असू शकतो. लहान मुलाच्या ओठांवर बारीक काळे ठिपके आणि सारखं पोटात दुखतंय असं असेल तरी दाखवाच. काळ्या डागाचा कॅन्सर असतो, पण अगदी क्वचित, बहुतेकदा टाळूवर नाहीतर वरच्या हिरडीवर, म्हणून नवीन आलेला, पसरणारा, वेड्यावाकड्या कडेचा डाग असला तर थांबू नका. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम पण तशीच.

रिपोर्ट हातात आल्यावर ताई स्वतःहून मशेरीवर बोलल्या. दाढदुखीवर म्हणून सासूने लावायला दिलेली, आता सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणे. हे आमच्याकडे बहुतेक बायका सांगतात आणि ते खोटं नसतं, निकोटिनने आतडं हलतं, त्याची सवय लागते. मग उठल्यावर कोमट पाणी, जेवणात भाजी-भाकरी वाढवणं, आणि आधी झोपतानाची मशेरी बंद, मग दुपारची, सकाळची सगळ्यात शेवटी, असं ठरवलं. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल हे आधीच सांगून ठेवलं. तोंडात टाकायला बडीशेप, सुपारी नाही, कारण नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो.

ताईंनी सकाळची सोडायला बराच वेळ घेतला, मध्ये एकदा लग्नाच्या गडबडीत परत सुरू झाली, परत बंद केली. ओठातला चट्टा आता बराच विरलाय, तपासणी चालू आहे. जवळ असं केंद्र नसेल तर 1800-11-2356 हा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो, तंबाखू सोडायला फोनवर मदत करतात.