मॉर्मन बायकांना त्यांच्या धर्मात गुदमरायला होत नाही का?

तुम्ही विचारलंय की चांगल्या शिकलेल्या मॉर्मन बायका, सगळा कारभार पुरुषांच्या हातात असलेल्या धर्मात राहतात कशा, आणि त्यांना गुदमरायला होत नाही का.

मॉर्मन म्हणजे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात निघालेला एक ख्रिस्ती पंथ. मी मॉर्मन नाही. मूळची सांगलीची, २०१४ पासून अमेरिकेत युटा राज्यात, प्रोव्हो शहराजवळ राहते. आमच्या गल्लीत अकरा घरं, त्यातली आठ मॉर्मन. त्यामुळे पुढचं सगळं कुंपणावरच्या गप्पांतून आणि थोडं वाचनातून आलेलं आहे. नावं कुणाचीच देत नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. टीव्हीवर चार-चार बायकांचे संसार दिसतात ते फुटून निघालेल्या पंथांचे. मुख्य चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचं १८९० मध्ये जाहीर केलं आणि आज कुणी तसं लग्न केलं तर त्याला चर्चबाहेर काढतात. (२०१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी 'मॉर्मन' हा शब्दही वापरू नका असं सांगितलं. शेजारीण स्वतःच वापरते, म्हणून मीही वापरते.)

मला पहिल्यांदा खटकलं ते २०१६ मध्ये. शेजारणीच्या थोरल्या लेकीचा बाप्तिस्मा होता. त्यांच्यात तो आठव्या वर्षी करतात. चर्चच्या इमारतीतच कमरेइतक्या पाण्याचं टाकं असतं, वर तिरका आरसा लावलेला, मागे बसलेल्यांना दिसावं म्हणून. बाप आणि लेक पांढऱ्या कपड्यांत पाण्यात उतरले. बापाने उजवा हात वर धरून एक छोटा मंत्र म्हटला, तिला पाठीवर आडवं करून बुडवलं आणि वर काढलं. दोन बाजूंना दोन पुरुष साक्षीदार उभे. त्यांचं काम एवढंच की अंग पूर्ण पाण्याखाली गेलं का ते बघायचं. पायाचा अंगठा जरी वर राहिला तरी पुन्हा बुडवावं लागतं. आणि आई? ती पायऱ्यांशी टॉवेल धरून उभी होती.

नंतर मी विचारलं, तुला काहीच वाटलं नाही का गं? ती म्हणाली, "ओली लेक पहिली माझ्याच मिठीत येते ना." हे मनापासून होतं की लहानपणापासून ऐकून ऐकून तोंडात बसलेलं, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही होतं.

रचना साधारण अशी: पगारी पुजारी नाहीत. ठरावीक वस्तीचा मिळून एक 'वॉर्ड', त्याचा प्रमुख बिशप. आमच्या वॉर्डाचा बिशप आठवडाभर लोकांचे दात काढतो. पौरोहित्य मात्र फक्त पुरुषांना. मुलगा बाराचा होतो त्या वर्षी त्याला पहिली पायरी मिळते आणि तो रविवारी पावाचे तुकडे आणि पाण्याचे इवलेसे पेले असलेले ट्रे बाकांपाशी घेऊन येतो. त्याच्या टायची गाठ आईने मारलेली असते. तोच ट्रे ती बसल्या जागेवरून शेजारणीकडे सरकवू शकते, पण उभी राहून वाटू शकत नाही. १९९५ च्या कुटुंबविषयक घोषणापत्रात तर स्पष्टच लिहिलंय की बापाने घराचं नेतृत्व करायचं आणि मुलांचं संगोपन मुख्यतः आईने बघायचं. ते पत्रक फ्रेम करून कितीतरी घरांत दिवाणखान्यात लावलेलं असतं.

आणि राबतं कोण? २०१८ मध्ये माझं पित्ताशय काढलं तेव्हा मी कुणाला काही सांगितलंही नव्हतं. तरी बायकांनी आपापसात कागद फिरवून दहा दिवसांची जेवणं वाटून घेतली. पहिल्या दिवशी 'फ्युनरल पोटॅटोज' आले. म्हणजे बटाट्याचा कीस, चीज, आंबट क्रीम, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स, सगळं ओव्हनमध्ये भाजलेलं. मयतानंतरच्या जेवणात हमखास असतं म्हणून हे नाव. आपल्याकडे दहाव्याचे वडे कुणी आजाऱ्याला नेऊन द्यावेत, तशातली गत. मी शाकाहारी म्हणून त्यातलं चिकन सूप काढून मशरूमचं घातलं होतं. पित्ताशय काढलेल्या बाईला एवढं चीज! ते नवऱ्याने दोन दिवस पुरवून खाल्लं. पण त्या आल्या, बसल्या, भांडी घासून गेल्या. सांगलीत माझी आई असती तर जे केलं असतं, ते परक्या बायकांनी केलं. ज्यांना हे 'गुदमरणं' बाहेरून दिसतं त्यांना ही बाजू दिसत नाही.

या बायकांच्या संघटनेचं नाव रिलीफ सोसायटी. १७ मार्च १८४२ ला इलिनॉयमधल्या नॉवू गावात वीस बायकांनी ती सुरू केली. पहिली अध्यक्ष एमा स्मिथ, संस्थापक जोसेफ स्मिथची बायको. या संघटनेचा इतिहास वाचल्यावर माझं मत बदललं. मला वाटायचं, आजी जास्त दबलेली, नात जरा मोकळी, असाच क्रम असणार. इथे तो उलटाही झालेला आहे.

१८७६ मध्ये चर्चचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी बायकांना धान्य साठवायला सांगितलं आणि एमेलिन वेल्स या बाईकडे ते काम सोपवलं. बायकांनी शेतोशेती जाऊन सरवा वेचला, कोठारं बांधली. पुढे पहिल्या महायुद्धात याच बायकांनी अमेरिकन सरकारला दोन लाख बुशेलांहून जास्त गहू विकला (गव्हाचा एक बुशेल म्हणजे साधारण सत्तावीस किलो). गहू त्यांचा होता. स्वतःचा निधी होता, स्वतःचं मासिक होतं. मतदान तर विचारूच नका. युटातल्या बायकांना १८७० मध्येच मताचा हक्क मिळाला होता. तो १८८७ मध्ये अमेरिकन संसदेने बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्यात काढून घेतला आणि १८९६ मध्ये युटा राज्य झालं तेव्हा परत आला. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टरीण राज्याच्या सिनेटवर निवडून आली, अमेरिकेतली पहिली स्त्री राज्य सिनेटर. उमेदवारांत तिचा नवराही होता, तो हरला. ती त्याची चौथी बायको. (ही मार्था १८८२ मध्ये फिलाडेल्फियात शिकत होती आणि पुढच्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी त्याच शहरात वैद्यकी शिकायला उतरल्या. एका वर्षाने चुकामूक झाली, याची मला उगीचच हळहळ वाटते.)

आता पुढचं बघा. १९७० मध्ये चर्चचा सगळा कारभार एका छत्राखाली आणताना रिलीफ सोसायटीचा वेगळा निधी गेला, मासिकही त्या वर्षअखेर बंद पडलं. १९७८ मध्ये उरलेला गहूसुद्धा चर्चच्या मध्यवर्ती खात्यात जमा झाला. एकोणिसाव्या शतकात बायका आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून, तेल लावून प्रार्थना करायच्या, तीही प्रथा हळूहळू पुरुषांकडे गेली. आमच्या समोरच्या ऐंशीला टेकलेल्या आजींच्या आजीने असे हात ठेवलेले होते. आजींना स्वतःला ते कधी करता आलं नाही. त्या म्हणतात, "आमच्या घरात तिजोरीची किल्ली होती. कुणी चोरली नाही. आवराआवरीत दुसऱ्या खोलीत गेली."

याच आजींनी मला 'सीलिंग' समजावलं. टेम्पलमध्ये, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या, खास विधींच्या मंदिरात लावलेलं लग्न मरणानंतरही टिकतं अशी त्यांची श्रद्धा. विधुर पुन्हा लग्न करून दुसऱ्या बायकोशीही कायमचा जोडला जाऊ शकतो. बाई मात्र हयातीत एकाशीच. आजी दुसरेपणावर दिलेल्या, पहिली गेलेली. म्हणजे वर गेल्यावर सवत आहेच. हसत हसत म्हणाल्या, "ती चांगली होती असं सगळे सांगतात. पण स्वयंपाकघर एकच असेल का, हे कुणी सांगत नाही." हसल्या, पण लगेच विषय बदलला. बहुपत्नीत्व १८९० मध्ये सुटलं असं मी वर लिहिलं खरं. त्यांच्यासाठी ते पुरतं सुटलेलं नाही.

मला सगळ्यात चटका लावून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या धर्मात स्वर्गातला पिता आहे तशी स्वर्गातली माताही आहे. खरोखर आहे, शिकवणुकीचा भाग आहे. एलायझा स्नो या कवयित्रीने १८४५ मध्ये तिच्यावर लिहिलं, ते आजही चर्चमध्ये गातात. पण तिची प्रार्थना करायची नाही. १९९१ मध्ये चर्चच्या वरिष्ठ नेत्याने, गॉर्डन हिंकली यांनी, तसं जाहीर सांगितलं. मी शेजारणीला म्हटलं, आमच्याकडे विटेवरचा विठोबा पुरुष, पण जनाबाई त्याला खुशाल विठाई म्हणते, तो तिच्यासोबत दळायला बसतो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी कधी कधी बोलते तिच्याशी. गाडीत, एकटी असले की. प्रार्थना नाही म्हणायची त्याला." पाच मुलांची आई, तिला एकटीला गाडी मिळणार कधी, हा वेगळाच प्रश्न.

सगळ्या अशा मनातल्या मनात वाट काढत नाहीत. सोनिया जॉन्सनने स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी चर्चच्या भूमिकेविरुद्ध उघड लढा दिला, तिला १९७९ मध्ये बहिष्कृत केलं. बायकांना पौरोहित्य द्या म्हणणाऱ्या केट केलीला २०१४ मध्ये. उलट इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिकसारख्या बायका आत राहूनच बोलत आल्या. १९७४ मध्ये बोस्टनकडच्या मॉर्मन बायकांनी स्वतःचं स्त्रीवादी नियतकालिक काढलं, त्यांत ती होती.

आणि काही जणी चर्च सोडतात. माझी एक सहकारी पंचविसाव्या वर्षी बाहेर पडली. देवावर विश्वास उरला नाही इतकं सरळ नव्हतं ते. घटस्फोटानंतर चर्चमध्ये आपण कोण, हेच तिला कळेना. तिथे बाईची ओळख आई आणि पत्नी या दोन खुंट्यांना टांगलेली आणि तिच्याकडे एकही नव्हती. टेम्पलमध्ये फक्त परवानापत्र असलेल्या सभासदांना प्रवेश. त्यामुळे सख्ख्या धाकट्या बहिणीच्या लग्नात ही बाहेर बागेत बाकावर बसली, तासभर, मांडीवर फुलं घेऊन. करवली म्हणून मिरवायचं तो दिवस. बहिणीने आधी कोर्टात लग्न केलं असतं तर सगळ्यांना बघता आलं असतं, पण तेव्हा मग टेम्पलसाठी वर्षभर थांबावं लागे. तो नियम चर्चने मे २०१९ मध्ये काढला. तिच्या बहिणीचं लग्न २०१७ चं. हे सांगताना तिला अजून रडू येतं. आणि तरीही आई आजारी पडली तेव्हा जेवणाचे डबे कुणी पोचवले? त्याच वॉर्डातल्या बायकांनी. तिला त्यांचा रागही येतो आणि त्यांच्याशिवाय करमतही नाही.

तेव्हा गुदमरतात का? काहीजणी, हो. काहीजणी मुळीच नाही. आणि बऱ्याच जणी आठवड्यातले काही दिवस.

बदल मात्र बारीक बारीक होत असतात. २०१२ मध्ये मुलींना धर्मप्रसाराच्या मिशनवर जायचं वय एकविसावरून एकोणीसवर आलं आणि मुलींची रांग लागली. २०१३ मध्ये चर्चच्या मोठ्या अधिवेशनात पहिल्यांदा एका बाईने प्रार्थना म्हटली. एकशे ऐंशीहून जास्त वर्षांनी! ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झालं की बाप्तिस्म्याला आता बाईही साक्षीदार होऊ शकते.

हे वाचून मला हसू आलं होतं. एवढंच? पण २०२१ मध्ये शेजारणीच्या धाकटीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी गेले. टॉवेल या वेळी आजीच्या हातात होता. शेजारीण टाक्याच्या कठड्याशी साक्षीदार म्हणून उभी, दुसऱ्या बाजूला मुलीचा काका. बापाने मंत्र म्हटला, लेकीला बुडवलं, वर काढलं. लोक हसू लागले, काकाने मान डोलावली. शेजारणीने नाही डोलावली. तिने एक बोट वर केलं आणि नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "अंगठा वर होता. पुन्हा."

त्याने पुन्हा बुडवलं.