वणीजवळच्या गावातून बाबांना मुंबईला तपासणीसाठी न्यायचं आहे. नागपूर–मुंबई विमानाचं अंतर किती, वेळ किती लागतो? सकाळी निघून दुपारी परळच्या दवाखान्यात पोचू का?

भाऊ, मी वरोऱ्याकडचा. गावातल्या पेशंटसोबत माझं मुंबईला जाणं होत असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सरळ रेषेत नागपूर–मुंबई साधारण 680 किलोमीटर. रेल्वेने हेच 837 होतं. विमान हवेत सव्वा तासाच्या आसपास असतं, पण तिकिटावर दीड ते पावणेदोन तास दिसतील. ती वेळ नागपुरात विमान जागेवरून हललं तेव्हापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालतं. हा वेळ कंपन्या आधीच धरून चालतात. हिवाळ्यात वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो, त्यामुळे जाताना थोडा जास्त वेळ लागतो आणि येताना कमी.

पण तुमचा हिशोब गावापासून धरा. वणीहून वरोरा, जाम, बुटीबोरी करत गाडीने अडीच-तीन तास. विमानाच्या दोन तास आधी पोचा. सामान घेणारा काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी बंद करतात आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो. मुंबईत उतरून बॅगा मिळेपर्यंत अर्धा तास, पुढे परळपर्यंत रस्ता मोकळा असेल तर तास, नाहीतर दोन. म्हणजे आठ-नऊ तास झाले. सकाळी सातचं विमान धरायचं तर रात्री दोनला घर सोडावं लागेल. आजारी माणसाला असं नेऊ नका. आदल्या दिवशी दुपारचं विमान घ्या, रात्री मुंबईत मुक्काम करा, सकाळी बाबा ताजेतवाने होऊन डॉक्टरांसमोर बसतील.

विमानतळ वर्धा रोडवरच आहे, बुटीबोरीकडून येताना शहराच्या आधी लागतो. एसटीने येत असाल तर गणेशपेठ स्टँडपर्यंत जाऊन परत फिरू नका, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि मुंबईत उतरल्यावर चालायला खूप असतं. रिपोर्ट, एक्स-रे आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. लोणच्याची बरणी मात्र सामानातच घाला, तपासणीत हातातली काढून घेतात.

परतीच्या तिकिटावर टर्मिनल 1 आहे की 2 ते नक्की बघा. दोन्ही इमारती एकमेकींपासून बऱ्याच लांब आहेत, टॅक्सीवाल्याला बसतानाच सांगा.