टेकडीवरची क्रुसाची वाट: आधी पाणी आणि पाखाडी, मूर्ती मागाहून

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातल्या तुमच्या चॅपलमागे साधारण ६० मीटर उंचीची जांभ्याची टेकडी आहे, माथ्यावर सडा (सपाट कातळ) आहे. तिथे १४ स्थानांची क्रुसाची वाट (येशूच्या शेवटच्या वाटचालीचे प्रसंग, एकेका स्थानी थांबून प्रार्थना) आणि वर कालवरीचा, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या टेकडीचा, देखावा करायचा आहे. जमलेल्या देणगीतला मोठा वाटा फायबरच्या माणूसभर उंचीच्या मूर्तींसाठी ठेवला आहे. स्थानं किती अंतरावर घ्यावीत आणि पुढच्या प्रायश्चित्तकाळाआधी (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांआधी) काम उरकेल का, हे तुम्हाला हवं आहे.

काम उरकेल, पण मूर्तींची ऑर्डर आत्ता देऊ नका. पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये स्थानांची संख्या १४ ठरवून दिली. त्याआधी ती गावोगावी वेगळी असे. न्यूरेंबर्गला आडाम क्राफ्टने १५०० नंतरच्या दशकात कोरलेली स्थानं सातच आहेत. आजच्या नियमाने क्रुसाची वाट विधिपूर्वक उभारायला १४ क्रूस लागतात. चित्रं-मूर्ती हा रिवाज आहे, अट नव्हे. म्हणजे पहिल्या वर्षी चिऱ्याच्या चौथऱ्यावर १४ साधे क्रूस आणि खाली आकडे, एवढ्यावर तुमची वाट पूर्ण होते. उरलेला पैसा पाखाडीत (पायऱ्यांच्या वाटेत) आणि पाण्याच्या निचऱ्यात घाला. मूर्ती पुढे एकेका घराण्याच्या देणगीतून येतातच. वाहून गेलेल्या पाखाडीसाठी मात्र कोणी देणगी देत नाही.

आखणी वरून खाली करा. पहिल्यांदा बाराव्या स्थानाची, म्हणजे क्रुसावरील मरणाची जागा पक्की करा. १० ते १३ ही स्थानं (वस्त्रहरण, खिळणे, मरण, क्रुसावरून उतरवणे) गुलगुथ्यावरचीच (कालवरीवरचीच) आहेत, म्हणून ती सड्यावर जवळजवळ, १०-१५ मीटरवर चालतात. चौदावं, कबरीचं स्थान माथ्यावरून थोडं खाली, उतरणीच्या वाटेच्या तोंडाशी घ्या; तिथे जांभ्यातली एखादी कपार मिळाली तर बांधकाम वाचतं. उरलेली नऊ स्थानं चढणीवर येतात. त्यांना सारखं अंतर द्यायचा हट्ट नको. ४०-५० मीटरच्या मर्यादेत सपाटी मिळेल तिथे स्थान घ्या. येशू पडतो ती तिसरं, सातवं आणि नववं अशी तीन स्थानं वळणावर, चढ संपतो तिथे आली तर चढून दमलेल्या माणसाला प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

पोर्तुगालात ब्रागाजवळच्या बोम जेझुश दो मोंते या टेकडीवर ११६ मीटरची चढण नागमोडी जिन्याने आणि वळणावळणावरच्या चॅपलांनी काढलेली आहे. तुमचा आवाका छोटा असला तरी युक्ती तीच: नाकासमोर चढू नका. ६० मीटरची अख्खी चढण १५ सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी काढली तर ४०० पायऱ्या होतात. नागमोडी वाट ४७० मीटरच्या आसपास नेऊन पायऱ्यांमधल्या तुकड्यांना वीसास एक असा चढ दिला तर पायऱ्या ३०० च्या आत येतात. एका दमात १०-१२ पायऱ्या, मग सपाट तुकडा. पाऊल ठेवायची जागा ४० सेंटिमीटर ठेवा. खांद्यावर मोठा क्रूस घेतलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही, म्हणून पायरीची उंची कुठेही बदलता कामा नये. गवंडी शेवटच्या पायरीत हिशेब जुळवून टाकतो आणि नेमकी तिथेच माणसं अडखळतात.

रुंदी अडीच मीटर. १५० माणसं तीन-तीनच्या ओळीने चालली तर रांग ५० मीटर लांब होते, म्हणजे पुढचं टोक एका स्थानावर पोचतं तेव्हा शेपूट मागच्या स्थानाच्याही मागे असतं. सगळ्यांना मावेल असा ओटा प्रत्येक स्थानी बांधायला गेलात तर टेकडी पोखरली जाईल. धर्मगुरू, क्रूस वाहणारे, वाचक आणि पुढची ४०-५० माणसं मावतील असा ४ बाय ६ मीटरचा ओटा पुरे. शेपटासाठी बॅटरीवरचा दुसरा स्पीकर रांगेच्या मध्यावर चालवा. ओट्यावर गुडघे टेकायचे असतात, तेव्हा खडी पसरू नका आणि गुळगुळीत लादीही नको. झाडू फिरवून खरबरीत केलेलं काँक्रीट किंवा टाकीने घडवलेला चिरा चांगला.

स्थानाचा क्रूस नेहमी डोंगराच्या अंगाला, दरीच्या अंगाला कधीच नको. लोक क्रुसाकडे तोंड करून पुढे सरतात. क्रूस दरीकडे असेल तर पुढची ओळ कड्याला रेटली जाते.

आता पाणी. तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि तुमची नवी पाखाडी त्याच्या दृष्टीने नवा पऱ्या (ओहोळ) असते. डोंगराच्या अंगाला एक फूट रुंद, एक फूट खोल गटार सलग हवं. वाटेला गटाराच्या बाजूने किंचित ढाळ द्या, आणि दर १२-१५ मीटरवर दगडी आडवा चर काढून पाणी पलीकडे सोडा. ते जिथे पडेल तिथे कातळ किंवा रचलेले दगड हवेत. मोकळ्या मातीवर सोडलंत तर दोन पावसाळ्यांत खालचा ओटा तळातून पोकळ होतो. वरचा जांभा कठीण दिसतो, पण त्याखाली बरेचदा मऊ, पिवळट-पांढरी चिकणमाती असते. वाट काढताना तो थर उघडा पडला तर कापणी तिथेच थांबवा आणि वाट वळवा. उभा छेद घेऊन त्याला सिमेंटची भिंत घालणं हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात लवकर फसणारा उपाय. भिंत लागलीच तर गडग्यासारखी, नुसत्या दगडांची, पाणी झिरपू देणारी रचा. सिमेंटात बांधायचीच असेल तर पाणी सुटायला नळ्या ठेवा.

माथ्यावरच्या मोठ्या क्रुसाबाबत गावोगाव एकच चूक होते: उंची आधी ठरते, पाया मागाहून. सहा मीटरचा, तीन मीटर हातांचा, एक फूट जाडीचा क्रूस वाऱ्याला साधारण २.६ चौरस मीटर अंग देतो. सेकंदाला ३९ मीटरचा वारा चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास दाब टाकतो. टेकडीच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग ३६ टक्क्यांपर्यंत वाढलेला धरावा लागतो, आणि वेगाचा वर्ग होत असल्याने दाब जवळजवळ दुप्पट होतो. चौकोनी दांड्यांचा गुणक धरला की क्रुसावर ७०० ते ९०० किलोचा आडवा रेटा येतो, तोही पायापासून साडेतीन मीटर उंचीवर. दीड मीटर लांब-रुंद आणि १.२ मीटर खोल काँक्रीटचा ठोकळा साडेसहा टनांचा होतो आणि जेमतेम दीडपट सुरक्षितता देतो. हे फक्त अंदाजासाठी. आकडे संरचना अभियंत्याकडूनच पक्के करा. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि २०२१ च्या तौक्तेनंतर हा खर्च कोणाला पटवून द्यावा लागू नये.

सळईचं काँक्रीट असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या उघड्या हवेला किमान एम-३० प्रत, सळईवर ४५ मिलिमीटर आवरण आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत. नेहमीच्या घराचं एक इंच आवरण इथे चालत नाही. खारं पाणी सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो आणि हाताखालचा भाग आधी तडकतो. खाडीची न धुतलेली वाळू अजिबात नको. लाकडाचा क्रूस हवा असेल तर तो जमिनीत पुरू नका, वाळवी आणि कूज दोन्ही मातीच्या पातळीवरच लागतात. पाया भरून लोखंडी बूट बसवा आणि लाकूड ५ सेंटिमीटर उंच ठेवा. वीजरोधक आणि त्याची अर्थिंग पहिल्या दिवसापासून हवी, मे आणि ऑक्टोबरच्या वळवात सड्यावर तुमचा क्रूसच सर्वांत उंच असणार. छोट्या क्रुसांना आपला जुना खुरीस (गावातला चुन्याचा क्रूस) हाच नमुना घ्या: चिरा, चुन्याचा गिलावा, दरवर्षी चुन्याचा हात. जांभा ओल ओढतो. वर प्लॅस्टिक पेंट दिलात तर तो फुगून पापुद्रे सुटतात.

तोंड कुठे? समुद्र पाठीशी आला की फोटो छान येतो, पण शुक्रवारी दुपारी तीननंतर सगळा जमाव मावळतीच्या उन्हात डोळे बारीक करून उभा राहतो. क्रूस उत्तरेकडे तोंड करून बसवा. ऊन बाजूने येतं आणि नैर्ऋत्येचा पाऊस पाठीवर जातो. मूर्ती बसवायची वेळ येईल तेव्हा पवित्र मरिया ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, आणि शिष्य योहान दुसऱ्या बाजूला. पेट्या उघडताना ही अदलाबदल हमखास होते. फायबर घेतलात तर उन्हाला टिकणारा वरचा थर लेखी मागा आणि पोकळ मूर्तीची भोकं जाळीने बंद करा, नाहीतर आत गांधीलमाशा घर करतात.

वापराचं थोडं. प्रायश्चित्तकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च आणि पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे) २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो, म्हणजे वाट भरते ती नेमकी गवत वाळल्यावर. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही बाजूंना तीन मीटर गवत कापा. मेणबत्त्या फक्त वाळू भरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये लावू द्या आणि वरच्या झाडांवर आग्यामोहोळ आहे का ते आठवडाभर आधी पाहा. अनवाणी चालणारे असतात, म्हणून सकाळी सातच्या आत किंवा चारनंतर निघा; तापलेला सडा दुपारी पाय भाजतो. खुरसाचं फेस्त (सण) आणि लदीन (क्रुसापुढची प्रार्थना) ३ मेच्या आसपास असेल तर वाट कोरडीच मिळेल. पण १४ सप्टेंबरला, क्रुसाच्या विजयाच्या सणाला, पायऱ्यांवर शेवाळ असतं. आठवडाभर आधी ब्लीचिंग पावडर टाकून खराटा मारा.

म्हाताऱ्यांना विसरू नका. लूर्दला डोंगरावरच्या मोठ्या ओतीव लोखंडी मूर्तींच्या वाटेखेरीज आजाऱ्यांसाठी खाली सपाटीवर वेगळी वाट आहे. तुमच्या चॅपलच्या आवाराच्या गडग्यावर १४ छोटे क्रूस बसवायला फारसा खर्च येणार नाही, आणि पावसाळ्यात सगळ्यांनाच तेच उपयोगी पडतील.

कागदपत्रं: सातबारा आधी काढा, वनाचा शेरा असेल तर कुदळ लावण्याआधी वनखातं. सावंतवाडीहून धर्मप्रांताची लेखी संमती आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी दोन्ही घ्या. सार्वजनिक जागेवरच्या विनापरवाना धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. सडा पायी फिरून कातळशिल्पं नाहीत ना हे पाहा. ती २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि मातीखाली अर्धवट झाकलेली सहज नजरेतून सुटतात. वाटेत देवराई किंवा राखणदाराची जागा येत असेल तर गावकर-मानकऱ्यांशी आखणीआधी बोला, आखणी झाल्यावर नव्हे.

वेळापत्रक असं बसेल: जुलैत भर पावसात टेकडीवर जाऊन पाणी कुठून वाहतं ते चुन्याने नाही, खुंट्या मारून खूण करा. ऑक्टोबरमध्ये गटार, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाखाडी आणि ओटे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या क्रुसाचं काँक्रीट, पुढे किमान १० दिवस गोणपाट भिजवून ठेवणं. टेकडीचा उताराचा नकाशा आणि सड्याचे चारही दिशांचे फोटो इथे टाका, म्हणजे बारावं स्थान कुठे बसेल आणि वळणं किती लागतील ते नेमकं सांगता येईल.