प्लेऑफमध्ये मोठे खेळाडू का अडकतात आणि अनोळखी नावं सामना कशी काढून नेतात?

तुमचा प्रश्न असा आहे: दोन वर्षं एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) नियमित हंगाम पाहताय, पण एप्रिलमध्ये प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) सुरू झाले की सगळे अंदाज चुकतात. हंगामभर ढिगाने गुण करणारा अडकतो आणि कधी नावही न ऐकलेला मुलगा सामना काढून नेतो. हे दडपण आहे की नशीब? आणि जुनी एखादीच मालिका पाहायची तर कोणती?

मी शाळेपासून बास्केटबॉल खेळलो आणि 2011 पासून दर वर्षी एप्रिल ते जून पहाटे साडेपाचचा गजर लावून प्लेऑफ पाहतो. दडपण असतं, नशीबही असतं. पण माझ्या मते खरं कारण सात हा आकडा आहे.

नियमित हंगामात प्रत्येक संघ 82 सामने खेळतो. आज या गावात, रात्री विमान, उद्या दुसऱ्या गावात वेगळा संघ. समोरच्याचा अभ्यास करायला जेमतेम एक सकाळ मिळते. प्लेऑफमध्ये प्रत्येक मालिका सात सामन्यांची, आधी चार जिंकेल तो पुढे, त्यामुळे तोच संघ दोन आठवड्यांत सात वेळा समोर येऊ शकतो, मध्ये एखाद-दुसरा दिवस मोकळा, आणि कोचची मंडळी रात्ररात्र व्हिडिओ पाहत बसलेली. कुस्ती पाहणाऱ्यांना हे पटकन कळेल. एखाद्या पैलवानाचा एक हुकमी डाव असतो. पहिल्यांदा भेटलेला गडी त्यावर चितपट होतो. पण तीच जोड पंधरा दिवसांत सात वेळा लावली, तर तिसऱ्या कुस्तीपासून समोरचा तो डाव लागूच देणार नाही. तेव्हा याच्याकडे दुसरा डाव आहे का, एवढंच मी प्लेऑफमध्ये बघत असतो.

हे मला शिकवलं ते डर्क नोवित्स्कीने. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गचा सात फुटी खेळाडू, डॅलस मॅव्हरिक्सकडून 21 हंगाम खेळला, दुसऱ्या कुठल्याही संघात गेला नाही. 2007 साली डॅलसने 82 पैकी 67 सामने जिंकले होते आणि डर्क त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. पहिल्या फेरीत समोर आठव्या क्रमांकाचा गोल्डन स्टेट. त्यांचा कोच डॉन नेल्सन. याच नेल्सनने डॅलसमध्ये असताना कोवळ्या डर्कला घडवलं होतं, त्यामुळे डर्कला चेंडू कुठे आवडतो, तो कोणत्या खांद्यावरून वळतो, हे त्याला तोंडपाठ. त्याने डर्कसमोर उंच माणूस उभाच केला नाही. स्टीफन जॅक्सनसारखा बुटका पण चपळ आणि चिवट खेळाडू त्याच्या अंगाला चिकटवला आणि डर्क वळायला लागला की दुसरा धावून यायचा. सहाव्या सामन्यात डर्कचे 13 पैकी 2 फटके बसले, डॅलस 25 गुणांनी हरलं आणि मालिका संपली. एमव्हीपीचा करंडक त्याच्या हातात पडला तेव्हा त्याचा संघ केव्हाच स्पर्धेबाहेर होता.

त्याच्या आदल्या वर्षी, 2006 मध्ये, मायामीविरुद्धच्या अंतिम मालिकेत 2-0 आघाडीवरून डॅलस चार सलग सामने हरलं होतं. त्यामुळे दोन वर्षांत डर्कवर ‘मऊ’ हा शिक्का कायमचा बसला. मला हा शिक्का तेव्हाही अन्यायाचा वाटायचा आणि आजही वाटतो. त्याला एकच गोष्ट जमत नव्हती: अंगाला चिकटलेल्या बुटक्या बचावपटूला शिक्षा करणं.

ती तो शिकला. पुढच्या वर्षांत त्याने फ्री थ्रो रेषेच्या (फाउलनंतर जिथून न अडवता फटका मारू देतात) आसपास, मैदानाच्या मधोमध चेंडू घ्यायला सुरुवात केली. तिथून चारही बाजू दिसतात, त्यामुळे दुसरा बचावपटू धावून आला तर नेमका कोण मोकळा झाला ते लगेच कळतं. आणि त्याचा तो एका पायावरचा फटका: उजवा गुडघा वर घेऊन, मागे झुकत, डोक्याच्याही वरून सोडलेला चेंडू. समोरचा बुटका असेल तर हात पोचत नाही आणि उंच असेल तर वर उचललेल्या गुडघ्यामुळे जवळ येता येत नाही. 2011 मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या मालिकेच्या पहिल्याच सामन्यात त्याने 48 गुण केले, त्यात फ्री थ्रो 24 पैकी 24.

अंतिम मालिकेत पुन्हा मायामी, आता लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि क्रिस बॉश एकत्र. पहिल्या सामन्यात डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटला. दुसऱ्या सामन्यात शेवटची सात मिनिटं उरली असताना डॅलस 15 गुणांनी मागे होतं. तिथून त्यांनी सामना 95-93 असा ओढून आणला आणि शेवटची बास्केट डर्कने त्याच दुखऱ्या डाव्या हाताने घातली. चौथा सामना अंगात ताप असताना खेळला. सहाव्यात पहिल्या अर्ध्यात 12 पैकी 1 फटका बसला. चार वर्षांपूर्वीची तीच जुनी कथा पुन्हा सुरू झाली असं वाटून मी टीव्हीसमोर अक्षरशः हात जोडून बसलो होतो. पण तोपर्यंत जेसन टेरीने संघ सांभाळला होता (त्याचे 27 गुण झाले), आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये डर्कने 10 गुण घेतले. सामना संपायच्या काही सेकंद आधीच तो स्कोअररचं टेबल ओलांडून लॉकर रूमकडे निघून गेला. रडू आवरत नव्हतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. मी ऑफिसला उशिरा पोचलो आणि दिवसभर कुणाशी फारसं बोललो नाही.

त्याच मालिकेत लेब्रॉनची सरासरी 17.8 गुणांवर आली होती, एका सामन्यात तर फक्त 8. डॅलस त्याला आत घुसू देत नव्हतं आणि बास्केटकडे पाठ करून खेळण्याचा डाव त्याच्याकडे तेव्हा पक्का नव्हता. त्या उन्हाळ्यात तो जुना दिग्गज हकीम ओलाजुवॉनकडे जाऊन तोच शिकला आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद घेतलं. त्यामुळे ‘अमुक खेळाडू प्लेऑफमध्ये चालत नाही’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कोणत्या वर्षीचा?

यानिस आंतेतोकुंपोचंही तसंच. अथेन्समध्ये नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, लहानपणी भावांबरोबर रस्त्यावर घड्याळं, गॉगल विकणारा मुलगा 2019 आणि 2020 ला एमव्हीपी झाला. पण 2019 मध्ये टोरंटोने त्याच्यासमोर भिंत उभी केली: एक बचावपटू अंगावर आणि आणखी दोघं मागे, वाटेतच. बाहेरून फटका मार, आम्ही तुला अडवणार नाही, असं सरळ आमंत्रण. त्याचा संघ मिलवॉकी 2-0 पुढे होता, नंतर सलग चार सामने हरला. 2021 मध्ये त्याची दुसरी दुखरी नस धरली गेली, फ्री थ्रो. फटक्याआधी तो फार वेळ घेतो आणि नियम दहा सेकंदांचा आहे. मग परक्या गावातले हजारो प्रेक्षक एका सुरात आकडे मोजायचे. त्या प्लेऑफमध्ये त्याचे दहापैकी सरासरी सहाच्या आतच फ्री थ्रो बसत होते. पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत त्याचा गुडघा इतका विचित्र मागे वाकला की मी मान फिरवली. हंगाम संपला असंच वाटलं.

आणि मग अंतिम मालिकेचा सहावा सामना, फिनिक्सविरुद्ध. आपल्याकडे 21 जुलैची सकाळ. 50 गुण, 14 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू), 5 ब्लॉक (अडवलेले फटके). फ्री थ्रो 19 पैकी 17. सामना घरच्या मैदानावर होता, त्यामुळे मोजणारं कुणी नव्हतं हे खरं. पण शेवटच्या क्वार्टरमध्ये रेषेवर उभं राहताना मागचे सगळे आवाज त्याच्या डोक्यात असणारच. 1971 नंतर 50 वर्षांनी मिलवॉकी विजेतं झालं. तुम्ही तो सामना कधी पाहिलात तर एकदा फक्त त्याचे फ्री थ्रो पाहा, बाकी खेळ सोडून द्या.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, अनोळखी नावं. त्याच 2021 च्या प्लेऑफमधला युटा आणि क्लिपर्सचा सहावा सामना घ्या. युटा त्या हंगामात सगळ्यांत जास्त सामने जिंकलेला संघ, त्यांच्याकडे रूडी गोबेर, तोपर्यंत तीनदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला. उंच, लांब हातांचा, बास्केटखाली उभा राहिला की आत यायची कुणाची छाती होत नाही. क्लिपर्सनी काय केलं? पाचही खेळाडू बाहेरून फटका मारणारे उतरवले आणि सगळ्यांना तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरवलं. युटाच्या बाहेरच्या बचावपटूंना चकवून कुणीतरी आत घुसायचा, गोबेरला त्याला अडवायला यावंच लागायचं आणि त्याचा स्वतःचा माणूस कोपऱ्यात मोकळा राहायचा. तो माणूस टेरेन्स मॅन, 2019 च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत 48 व्या क्रमांकावर घेतलेला. त्याने 39 गुण केले, तीन गुणांचे सात फटके. 25 गुणांची आघाडी युटाने गमावली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे गोबेरच्या नावाने खडे फोडले गेले. मला ते पटत नाही. पुढचे चार जण दार उघडं टाकत होते आणि एकटा माणूस घराच्या दोन्ही बाजू राखू शकत नाही. पण त्यातून तुम्हाला कळेल की मॅनला ते फटके नशिबाने मिळाले नाहीत. समोरच्याने ‘हा मारेल तर मारू दे’ असं ठरवलेलं असतं. त्या ‘मारू दे’ला उत्तर देणारा माणूस सामना काढून नेतो.

उलट बाजूने पाहायचं तर 2016 च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. गोल्डन स्टेटने हंगामात 73 सामने जिंकले होते, स्टीफन करी एकमताने एमव्हीपी, आणि क्लीव्हलंड 3-1 मागून बरोबरीत आलेलं. स्कोअर 89-89, जवळजवळ चार मिनिटं कुणाचाच गुण नाही. आता क्लीव्हलंडकडून खेळणाऱ्या लेब्रॉनने मागून धावत येऊन गोल्डन स्टेटच्या इगुडालाचा चेंडू फळ्यावर दाबला, तो ब्लॉक सगळ्यांना आठवतो. मी मात्र त्यानंतरचे दोन क्षण परत परत पाहिलेत. क्लीव्हलंडने मुद्दाम अशी स्क्रीन (बचावपटूच्या वाटेत आपला खेळाडू उभा करणं) लावली की कायरी अर्विंगसमोर करी यावा, आणि कायरीने त्याच्या डोक्यावरून तीन गुण मारले. लगेच दुसऱ्या टोकाला गोल्डन स्टेटनेही तेच केलं: करीसमोर केविन लव्ह आला, उंच, जड, बचावात कच्चा म्हणून ज्याच्यावर सगळी मालिकाभर बोट ठेवलं गेलं तो. त्याने करीला डावी-उजवीकडे कुठेही सुटू दिलं नाही आणि फटका हुकला. लव्हच्या नावावर त्या क्षणाचा एकही गुण नाही. 93-89.

तिकडचे हे सामने एकदा आपल्या गावात आले होते, 4 आणि 5 ऑक्टोबर 2019, वरळीच्या डोममध्ये, सॅक्रामेंटो आणि इंडियाना. खेळ सुंदर झाला, पण ते हंगामापूर्वीचे सामने. कोच नव्या मुलांना आजमावत होते, कुणाच्या कमजोरीवर कुणी टपून बसलेलं नव्हतं. नियमित हंगामही बराचसा याच अंगाने जातो आणि म्हणून तिथले आकडे प्लेऑफमध्ये फसवतात.

मालिका कोणती पाहायची? एक नाही, दोन पाहा, सलग: 2013 आणि 2014 ची अंतिम मालिका, दोन्हींत सॅन अँटोनियो आणि मायामी.

2013 च्या सहाव्या सामन्यात सॅन अँटोनियो जिंकल्यातच जमा होतं, 28 सेकंद उरले होते आणि पाच गुणांची आघाडी. ती घटून तीनवर आली. शेवटी लेब्रॉनचा फटका हुकला, रिबाउंड बॉशने घेतला आणि मायामीचाच रे ॲलन मागे मागे सरकत कोपऱ्यात गेला. 5.2 सेकंद बाकी असताना तीन गुण, आणि बरोबरी. ॲलन सरावात हेच करायचा: जमिनीवर आडवा पडायचा, उठायचा, न बघता कोपऱ्यापर्यंत मागे धावायचा आणि फटका मारायचा. त्या रिबाउंडच्या वेळी सॅन अँटोनियोचा उंच टिम डंकन बेंचवर होता. चपळ माणसं हवीत म्हणून कोच पोपोविचने त्याला बाहेर ठेवलं होतं. सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटात, दोन गुणांनी मागे असताना, डंकनचा बास्केटखालचा अगदी सोपा फटका हुकला. परतताना खाली वाकून त्याने दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. चेहऱ्यावर कधी काही न दिसू देणाऱ्या माणसाला तेव्हा मी पहिल्यांदा असं पाहिलं. वय 37.

मग 2014 लावा. तोच संघ, जवळपास तेच खेळाडू, एक वर्षाने म्हातारे. चेंडू कुणाच्याच हातात टिकत नाही. डंकनकडून पार्करकडे, जिनोबिलीकडे, डिऑकडे, आणि अडवायला जावं तोवर पुढच्याकडे. तिसऱ्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात त्यांचे 33 पैकी 25 फटके बसले, 71 गुण. 22 वर्षांचा कवाय लेनर्ड मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मालिका 4-1. ती पाहताना चेंडूवरची नजर काढून डंकनवर ठेवा, विशेषतः तो कुणासाठी स्क्रीन लावतो आणि त्यानंतर कुठे जाऊन उभा राहतो ते. पहिल्या सामन्यात कदाचित काहीच वेगळं दिसणार नाही. तिसऱ्यापर्यंत दिसायला लागेल.