कविता आणि नाटकातून अन्यायावर बोलणाऱ्या कृष्णवर्णीय लेखिका वाचायच्यात, सुरुवात कुठून करू?

एन्टोझाकी शांगेपासून करा. या अमेरिकन कवयित्रीचं 'फॉर कलर्ड गर्ल्स' हे नाटक १९७४ला कॅलिफोर्नियात एका बारमध्ये सुरू झालं आणि १९७६ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर पोचलं. सात बायका, नावं नाहीत, नुसते रंग, आणि बलात्कार, गर्भपात, मारहाण सगळं कवितेतून बोलतात, मध्येच नाचतात पण. शेवटाकडे लाल कपड्यातली बाई दुसऱ्याच कुणा आईची गोष्ट सांगत असते, व्हिएतनाम युद्धातून परतलेला माणूस स्वतःच्या दोन लेकरांना पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर धरतो, आणि तिथे अचानक 'ती'ची 'मी' होते, ते वाचताना खरंच श्वास अडकतो! इंग्रजी मूळच घ्या आणि मोठ्याने वाचा, स्पेलिंगसुद्धा बोलण्यासारखी आहेत त्यात.